दाजी, हा सत्तेचाळीस नंबर कुणाचा?

दाजी, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि त्यातले दहा दिवस मी तुमच्यावर संशय घेण्यात घालवले. गेलेल्या माणसाला असं कुणी लिहीत नाही, ठाऊक आहे मला. परवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याबद्दल किती चांगलं बोलले. तुमच्या मंडळातल्या एकाने तर तुम्हाला 'आरपार स्वच्छ माणूस' म्हटलं. मी मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होतो, स्वच्छ असाल, पण मग फौंड्रीतल्या नेटवर्कच्या त्या स्विचमध्ये काय करून ठेवलंय ते सांगा की.

अक्काने मला बोलायला दोनदा खूण केली. मी उठलो नाही. बायकांना वाटलं, मेव्हण्याला भरून आलंय. भरून आलंही होतं, पण रागाने.

चौथ्या दिवशी शिरोलीच्या त्या फौंड्रीतून भोसले मामांचा फोन आला होता. स्टोअर सांभाळणारे मामा, तुम्ही आलात की आधी चहा सांगणारे. आवाज खाली घेऊन बोलायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण तो त्यांना जमत नाही. "पावणं, दुखात हाईसा, ठाऊक हाय मला. पर पॅकिंगमधला टॅब दोन दिस झालं वायफायवर येईना. माल तसाच पडून हाय. तुमच्याबिगर कुणाला सांगू?"

मी अक्काकडे तुमचा लॅपटॉप मागितला, कारण सगळ्या कारखान्यांच्या पासवर्डची फाईल त्यातच होती. तिने कपाटातून काढून दिला, पुसून दिला. मी गेलो. टॅबचं काही विशेष नव्हतं, कुणीतरी चुकून त्यातून वायफायचं नाव काढून टाकलं होतं. पाच मिनिटांचं काम. पण आलोच आहे तर सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो स्विचचा डबाही बघून घेऊ म्हणून स्टोअरच्या कोपऱ्यातल्या रॅकसमोर पत्र्याच्या स्टुलावर बसलो. तुमच्याच स्टुलावर.

ह्या कारखान्याचं काम घेतलं तेव्हाचं तुम्हाला आठवतं का? मालक अण्णांना छताला लावलेल्या वायफायच्या त्या पांढऱ्या पेट्या आवडल्या होत्या. आपण त्यांना बशा म्हणायचो, तेही बशा म्हणायला लागले. पण 'व्हीलॅन' हा शब्द आला की अण्णा तुमच्याकडे असे बघायचे, जणू तुम्ही त्यांच्या गळ्यात काहीतरी मारताय. मग तुम्ही त्यांच्या टेबलावरचा चहा बाजूला सारलात.

"अण्णा, घर एकच हाय. वायर एकच, बशी बी एकच. पर आत चुली येगळ्या मांडायच्या. हापिसाची येगळी, पावण्यांची येगळी, मशिनींची येगळी. पावणा आला, इंटरनेट खाल्लं आन् गेला. तुमच्या हापिसाच्या भांड्यात त्येला हात घालता येत न्हाय."

अण्णा खूश झाले. "मग आमच्या घरात बी बसवा की ह्ये," म्हणाले. त्यांच्या दोन सुनांचं पटत नाही हे अख्ख्या शिरोलीला माहीत होतं. आपण हसलो नाही, बाहेर गाडीवर बसल्यावर हसलो.

तर सहा बशा, स्विचचे सहा पोर्ट, आणि त्या प्रत्येक पोर्टवरून जाणाऱ्या चार चुली. दहा नंबर ऑफिसचा, वीस पाहुण्यांचा, तीस मशिनींचा, आणि नव्याण्णव आपल्या दोघांचा, देखभालीसाठी. प्रत्येकाला तुम्ही नाव दिलेलं. नाव नसलेली गोष्ट तुम्हाला सहन व्हायची नाही. तुमच्या घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी आहे, आणि त्यावरून अक्का अजून तुमची थट्टा करते. करायची.

मी यादी उघडली आणि पाचवा नंबर दिसला. सत्तेचाळीस. नाव नाही. सहाही बशांच्या पोर्टवर टाकलेला. मी काही टाकला नव्हता. आणि वरच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी: बदल सेव्ह केलेले नाहीत.

त्या पिवळ्या पट्टीने मला जास्त हादरवलं. ती म्हणजे तुमची सही होती.

बाकीचे लोक स्विचमध्ये बदल केला की लगेच सेव्ह करतात. तुम्ही कधीच नाही. बदल करायचा, चालू ठेवायचा, आणि निदान दोन दिवस तसाच चालू द्यायचा. गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने 'बरं चाललंय' म्हटल्याशिवाय सेव्हला हात लावायचा नाही. तोवर काही बिघडलंच, तर स्विचची वीज काढायची आणि परत लावायची, की जुनं जसंच्या तसं हजर. मी ह्यावरून तुमच्याशी किती भांडलोय. मध्येच लाइट गेली तर सगळी मेहनत पाण्यात, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे की. पुन्हा करू. पर चुकीचं काम पक्कं करून ठेवल्यालं वाईट."

आणि तुमच्या ह्या खोडीनेच मला एकदा वाचवलं होतं, हेही सांगायलाच हवं. चंदगडची ती शाळा. माझ्या आणि अक्काच्या गावापासून दोन डोंगरांवर. मी पहिल्यांदा एकटा गेलो होतो, कारण आपल्या गावाकडे आपण काहीतरी करून दाखवायचं ही हौस. बशीच्या पोर्टवर मुलांची चूल आणि ऑफिसची चूल दोन्ही पाठवायच्या होत्या. मी पोर्टला एकच चूल दिली, आणि वर देखभालीचा नंबरही काढून टाकला. मुख्याध्यापकांचं 'छान झालं' ऐकून घाईत एसटीला पळालो. बस तिलारीच्या बाजूच्या वळणावर असताना शाळेतून फोन. सगळं बंद. आत शिरायचा रस्ता मीच बुजवलेला. पुढची बस दुसऱ्या दिवशी. पाऊस असा, की खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते कुणाला कळलं नाही.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एकच विचारलंत, "सेव्ह केलंस?" मी नाही म्हणालो, कारण तुमच्या धाकाने नव्हतं केलं. "मग रडतोस कशाला?" तुम्ही शाळेच्या शिपायाला फोन लावलात आणि मलाही त्यात जोडून घेतलंत. "मामा, त्या कपाटातल्या डब्याची वायर काढा. आता धा मोजा. मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पायजे." शिपाई मामा पावसाच्या आवाजात ओरडून दहापर्यंत मोजत होते, सातवर अडखळले, तुम्ही आठ सांगितलंत. वायर लागली, आणि सगळं पूर्वीसारखं. तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत की चूक माझी होती. अक्कालासुद्धा. त्याबद्दल मी कधी थँक्यू म्हटलं नाही, आता म्हणतो.

तर सेव्ह न केलेला सत्तेचाळीस म्हणजे नक्की तुम्हीच, आणि तेही जायच्या आधीच्या थोड्या दिवसांत. त्याआधी फौंड्रीत लाइटचं काम निघालं होतं, तेव्हाच स्विच बंद होऊन चालू झाला होता, त्याच्या आधीचं असतं तर तेव्हाच पुसलं गेलं असतं.

मग मी मामांना सहज विचारलं. सहज विचारल्यासारखं करायला मला कधी जमलं नाही, पण मामांना बोलायचंच होतं.

"दाजी आलतं की. जायच्या आदल्या आठवड्यात दोनदा. एकलंच. हितंच बसून हुतं, दोन दोन तास. म्या इचारलं, मेव्हणं कुठं हाईत? तर म्हणालं, त्येला दुसरं काम हाय."

मला कुठलंही दुसरं काम नव्हतं. त्या दोन्ही दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत की दाढ दुखतेय, दवाखान्यात जातो. मी तुम्हाला फोन करून 'भूल दिली का' असंही विचारलं होतं, आणि तुम्ही तोंडात बोळा असल्यासारखं बोलला होतात! दाजी, कमाल केलीत तुम्ही.

तिथून माझं डोकं फिरलं. संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. "वायरवर इस्वास ठेवायचा न्हाय, टेस्टरवर ठेवायचा." गिऱ्हाईक म्हणतं काल रात्रीपासून बंद आहे, तर ते परवापासून बंद आहे असं धरायचं. कुणी म्हणालं मी काही हात लावला नाही, तर त्याने हात कुठे लावला तेवढं शोधायचं. हे सगळं मी आता तुमच्यावर चालवायला लागलो.

फौंड्रीच्या ऑफिसात बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची ड्रॉइंग येतात, कोपऱ्यात 'गोपनीय' लिहिलेली. सहाही बशांवर पसरलेली, नाव नसलेली चूल म्हणजे कारखान्यात कुठेही उभं राहून कुणीतरी गुपचूप आत येणार. कोण? कुणासाठी? तुम्ही गेल्या महिन्यापासून फोनला कुलूप लावायला लागला होतात. आधी तुमचा फोन टीव्हीवर पडलेला असायचा, कुणीही उचलावा. आणि नेहमी दहा, वीस, तीस असे सरळ आकडे टाकणारा माणूस सत्तेचाळीस का टाकेल? ज्याला आकडा सहज नजरेत भरू द्यायचा नाही तोच. दुसऱ्या एखाद्या फौंड्रीवाल्याने तुम्हाला गाठलं असेल का? मामांवरही मला संशय आला. एवढा चहा पाजायचं कारण काय?

मी अक्कालाही विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, शेवटच्या आठवड्यात दाजी शिरोलीला कशाला गेले होते गं?

"मला काय ठाऊक?" ती वर न बघता म्हणाली. "तू हुतास की त्यांच्याबरोबर. तुला ठाऊक असंल."

मला वाटलं, हिलाही खोटं सांगून गेले. मग मला तुमचा भयंकर राग आला. माझ्या बहिणीच्या घरात, तुमच्या फोटोसमोर उभं राहून, तो उलटा करून ठेवावा की काय इथपर्यंत विचार गेला. केला नाही, हात पुढे झाला होता.

त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून शिरोलीला जायचो. तुमचा लॅपटॉप उघडायचा आणि सत्तेचाळीसवर कोण आहे ते बघत बसायचं. त्या यादीत जोडलेल्या यंत्रांचा आकडा येतो. ऑफिसात चौदा, मशिनींवर नऊ, पाहुण्यांमध्ये दोन-तीन. सत्तेचाळीसवर शून्य. सकाळी शून्य, जेवणाच्या सुट्टीत शून्य, शिफ्ट बदलताना शून्य. मी म्हटलं, चोराला कळलंय की तुम्ही गेलात, म्हणून तो गप्प बसलाय. कधीतरी येईलच. मामा म्हणाले, "पावणं, दाजीपरीस तुम्हीच जास्त बसाय लागलासा हितं."

आता मधेच माझं एक सांगतो. तुमच्यावर चोरीचा संशय घेताना मला माझी चोरी आठवत नव्हती, असं नाही. आठवत होती, पण ती मला चोरी वाटत नव्हती.

अण्णा कागलच्या बाजूला दुसरा कारखाना काढताहेत. तुम्हालाही माहीत होतं, तुम्ही त्या कामाची वाट बघत होतात. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही चंदगडला होतात तेव्हा अण्णा मला म्हणाले, "तुम्ही तरणी माणसं. स्वतःच्या नावानं का करत न्हाईसा?" मी हसून सोडून दिलं, असं मी आधी स्वतःला सांगितलं. मग आठवडाभर ते डोक्यात राहिलं. मग शिरोलीला एकटा गेलो तेव्हा माझ्या लॅपटॉपवरून स्विचमध्ये शिरलो, नव्याण्णव नंबरमधून, आपल्या दोघांच्या दारातून. तुम्ही बसवलेली सगळी मांडणी उतरवून घेतली. कुठल्या बशीला कुठल्या चुली, कुठला पोर्ट कसा, तुम्ही तीन वर्षांत चुकत चुकत पक्कं केलेलं सगळं. त्यावरून कागलचा आराखडा केला आणि माझ्या एकट्याच्या नावाने अण्णांना कोटेशन दिलं.

का केलं, तर एका शब्दासाठी. अकरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलं, दाजी. डिप्लोमा सुटला तेव्हा तुम्ही मला कळंब्याच्या घरी मागची खोली दिलीत, आठ रंगांच्या तारा ओळीत धरायला शिकवलंत, वायरीच्या टोकाला बसवलेली माझी पहिली क्लिप सात वेळा कापून टाकलीत आणि आठव्यांदा खिशात घालून अक्काला दाखवायला नेलीत. पण अकरा वर्षांनीही कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही माझी ओळख करून द्यायचात ती एकच. "ह्यो माझा मेव्हणा. शिकतोय." मी पन्नाशीचा झालो असतो तरी शिकतच राहिलो असतो. ह्यावर एकदा तुमच्याशी सरळ भांडायचं होतं, मी ते भांडण रोज पुढे ढकललं. त्याऐवजी कोटेशन दिलं.

ते तुम्हाला नंतर सांगणार होतो. काम मिळालं की सांगणार होतो, आणि तुम्हालाच बरोबर घेणार होतो, असंही मी ठरवलं होतं. हे आता लिहिताना मलाच खरं वाटत नाही.

मग गुरुवार आला. मामांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की लाइनच्या कामासाठी दहा ते चार सगळ्या पट्ट्यात वीज बंद. रॅकच्या बॅटरीवर स्विच अर्धा तास निघतो, फार तर चाळीस मिनिटं. म्हणजे साडेदहाच्या पुढे तुमचा सत्तेचाळीस पुसला जाणार होता, कायमचा. तो काय होता हे मला मग कधीच कळलं नसतं. मी साडेनऊलाच पोचलो. ह्या वेळी माझाही लॅपटॉप नेला, स्वतःचा, कारण सगळ्याची एक प्रत माझ्याकडे काढून ठेवायची होती. पुरावा म्हणून. तुमच्याविरुद्ध.

दोन्ही लॅपटॉप मांडीवर आणि खोक्यावर ठेवले. माझा चालू केला, तो नेहमीसारखा आपोआप ऑफिसच्या वायफायला लागला. मी तुमच्या लॅपटॉपवर यादी ताजी केली.

सत्तेचाळीसवर एक.

सापडला! मी उठून स्टोअरच्या दारातून बाहेर बघितलं. पॅकिंगमधल्या दोन बायका, मामा, एक ट्रकवाला. कुणाच्या हातात काही नाही. परत आलो. यंत्राचा नंबर उघडला. प्रत्येक यंत्राला ते बनवतानाच एक नंबर मिळतो, तो बदलत नाही. शेवटची चार अक्षरं मी दोनदा वाचली. मग माझा लॅपटॉप उलटा केला. त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीवर तीच चार अक्षरं होती. चिठ्ठी तुमच्या अक्षरात.

तरी मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. मग स्विचमधला तो एक तक्ता उघडला, जो आपण कधीच वापरत नाही. कुठलं यंत्र दिसलं की त्याला कुठल्या चुलीत ढकलायचं, त्याची यादी. त्यात एकच ओळ होती. माझा लॅपटॉप, सत्तेचाळीस. आणि त्या सत्तेचाळीसला काय दिलंय तर फक्त इंटरनेट. ऑफिस दिसणार नाही, मशिनी दिसणार नाहीत, स्विच तर नाहीच. मी कारखान्यात कुठल्याही बशीखाली उभा राहिलो असतो, तरी मला वाटलं असतं मी आत आहे. मी नसतो.

तुम्ही दाढेचं सोंग घेऊन, दोन वेळा, दोन दोन तास बसून हे केलं होतंत. माझ्यासाठी. बाहेरचा चोर मुळात नव्हताच. मी दहा दिवस टपून बसलो होतो आणि माझा लॅपटॉप घरी तुमच्या मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

बरोबर दहाला पंखा थांबला. सगळ्या शेडमधला आवाज एकदम गेला, फौंड्रीत तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बॅटरी टुकटुक करायला लागली. मामा दारात येऊन म्हणाले, "गेली बघा. आता चारपतूर काय काम न्हाय. चला, च्या घेऊ."

आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठून चहाला जायचं. साडेदहा-पावणेअकराला तो डबा आपोआप बंद पडला असता आणि दुपारी उठला असता तो जुना होऊन. चार चुली, माझं दार उघडं. तुमचा माझ्यावर संशय होता हे जगात कुणालाही कळलं नसतं. अक्का मला धंदा सांभाळ म्हणते आहे, मी सांभाळला असता. कागलचं कामही मिळालं असतं, बहुतेक. लोक म्हणाले असते, दाजीच्या माघारी मेव्हण्याने नाव राखलं.

मी मामांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

वीसेक मिनिटं मी तसाच बसून होतो. तुमच्यावर चिडून. मला वाटत होतं, तुम्ही हे सेव्ह केलं नव्हतंत म्हणजे तुमचंही पक्कं ठरलं नव्हतं. तुम्ही मला दोन दिवस देत होतात, किंवा स्वतःला. नावही दिलं नव्हतंत. मिठाच्या बरणीला नाव देणाऱ्या माणसाला ह्याला काय नाव द्यावं ते सुचलं नसेल. की कळत असून लिहवलं नसेल? हे मी तुम्हाला आता कसं विचारू?

मग मी ते नावाचं रिकामं खोकं उघडलं आणि त्यात 'सुजित' टाकलं. सेव्ह केलं. पिवळी पट्टी गेली. पुन्हा एकदा सेव्ह केलं, गरज नसताना. तिथूनच अण्णांना फोन लावला आणि म्हटलं, माझं कागलचं कोटेशन परत घेतोय. अण्णा म्हणाले, "का? दाजींचं टेन्शन आता राहिलं न्हाय की." मी फोन ठेवला. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नसेलही, पण मला ते फार झोंबलं.

कळंब्याला आलो तेव्हा अक्का बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. तुमचे दोन शर्ट अजून धुते ती, का ते मी विचारत नाही. मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोटेशन, स्विच, सत्तेचाळीस, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं सांगता आलं नसतं. मला वाटलं ती ओरडेल, किंवा खाली बसेल. तिने शर्टाची घडी घातली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"अण्णांनी ह्यांना फोन केलता की. तुमच्या मेव्हण्याचं कोटेशन आलंय, तुमचं येगळं येणार हाय काय म्हणून. त्या दिवशी जेवलं न्हाईत. मी बसून हुते समोर."

म्हणजे तांदूळ निवडताना तिला सगळं माहीत होतं. पंधरा दिवस ती मला वाढत होती आणि वाट बघत होती.

"मग मला विचारलं का नाही त्यांनी? एकदा तरी विचारायचं. मी इथंच होतो ना, रोज समोर."

"मी बी त्येच म्हटलं. त्येला बोलवा, तोंडावर इचारा, दोन शिव्या घाला आन् मोकळं व्हा. तर म्हणाले, 'नगं. इचारलं तर त्यो न्हाय म्हणंल. त्येनं केलंय त्ये मी इसरून जाईन, पर माझ्या तोंडाकडं बघून न्हाय म्हटल्यालं मला इसरता यायचं न्हाय.'"

ती कपडे घेऊन आत गेली.

दाजी, ह्यावर मी कालपासून विचार करतोय, आणि मला तुमच्याशी भांडायला काही सापडत नाही. तुम्ही विचारलं असतंत, तर मी नाही म्हणालो असतो. तुमच्या तोंडाकडे बघून म्हणालो असतो, आणि वर तुम्हालाच विचारलं असतं, की माझ्यावर संशय कसा घेतलात.